क्लच दाबला की थांबणारा आवाज : घरच्या पार्किंगमध्ये उतरवलेल्या एका गिअरबॉक्सचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००६ सालची, तीन सिलिंडरची छोटी हॅचबॅक, पाच गिअरची. मीटरवर १,१८,००० किलोमीटर. मालक म्हणजे माझे दाजी, हायस्कूलमधून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. गाडी त्यांनी नवीच घेतली होती आणि दुसऱ्याच्या हातात फारशी दिली नाही. गाडीत एक वही कायम असते. इंजिन ऑइल कधी बदललं, कुठे बदललं, किती किलोमीटरला बदललं, सगळं त्यात सापडतं. गिअर ऑइलची शेवटची नोंद मात्र २०१५ ची. पुढचं सगळं रामायण त्या एका ओळीत होतं, पण ती ओळ आम्ही सगळ्यात शेवटी वाचली.

मी काही मोटार मेकॅनिक नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर जॉबवर्क करतो. बेअरिंग, शाफ्ट, फिट हे रोजचंच. पण गाडीखाली झोपून केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे क्लच केबल बदलणं. जागा दाजींच्या घराचं पार्किंग: खाली सिमेंटचा कोबा, वर पत्रा, एक ट्यूबलाइट.

अडचण

ऑक्टोबर २०२३ मध्ये गगनबावड्यावरून करूळ घाट उतरत होतो. ऊन होतं, काचा खाली होत्या. मोकळ्या रस्त्यावर जे कानावर येत नव्हतं ते डोंगराच्या कड्यावर आपटून परत येऊ लागलं. दाजींच्या मते तो टायरचा आवाज, गेले काही महिने असाच येतोय. मागच्या सीटवरून आक्का म्हणाली, "टायर कसला, जात्यात खडा गेल्यासारखं वाजतंय."

कोल्हापुरात परतल्यावर एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून, कान देऊन, दोन मिनिटांत निकाल दिला : गिअरबॉक्स ओव्हरहॉल, अठरा हजार. दुसरा म्हणाला, रिलीज बेअरिंग (क्लच दाबल्यावर ज्याच्यावर भार येतो ते) गेलंय, चार हजारांत करून देतो. गाडी चालवून दोघांपैकी कुणीच पाहिली नाही. दोन निदानांत चौदा हजारांचा फरक म्हटल्यावर गणिताच्या मास्तरांना झोप कशी लागणार!

आवाजाचा माग

एका रविवारी सकाळी आम्ही स्वतःच तपासायला बसलो. पाना हातात न घेता यातली निम्मी लढाई जिंकता येते, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो.

आधी गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, पाय क्लचवरून काढलेला. आवाज येतोय. क्लच पूर्ण दाबला की दीड-दोन सेकंदांत तो विरतो, सोडला की परत सुरू. न्यूट्रलमध्ये क्लच मोकळा असला तर इंजिन गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरवत राहतं. क्लच दाबला की तो शाफ्ट थांबतो. म्हणजे जे वाजतंय ते त्या शाफ्टबरोबर फिरणारं काहीतरी आहे. रिलीज बेअरिंग नेमकं उलट वागतं : दाबलं की बोलतं. चार हजारवाला निकाल तिथेच बाद झाला.

मग रस्त्यावर. पाचही गिअरमध्ये आवाज, म्हणजे एखाद्याच गिअरचे दात खाल्लेत असं नव्हे. मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात स्टिअरिंग हळू डावी-उजवीकडे झुलवून पाहिलं. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर एका बाजूला भार पडल्यावर सूर बदलतो. तसं काही झालं नाही. शेवटी इंजिन चालूच ठेवून गाडी न्यूट्रलला घेतली आणि क्लच दाबून नुसती वाहू दिली. आता इनपुट शाफ्ट जवळपास थांबलेला, पण आउटपुट शाफ्ट आणि डिफरन्शियल चाकांबरोबर फिरतायत. गाडी शांत. म्हणजे संशय इनपुट शाफ्टच्या दोन बेअरिंगांवर आला.

परत पार्किंगमध्ये येऊन लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक केसिंगवर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवली. क्लचकडच्या बाजूला बारीक गुणगुण. बाहेरच्या टोकाला, पाचव्या गिअरच्या झाकणापाशी, जात्याची घरघर.

हे सगळं झाल्यावर तेल बघायचं सुचलं. खरं तर पहिलं काम तेच. भरायचा नट खोलला की तेल भोकाच्या काठाला लागायला हवं. मी करंगळी आत वाकवली, ती दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी. डाव्या एक्सलच्या सीलखाली धूळ आणि तेलाचा काळा लपका चिकटलेला. साधारण ९०० मिली तेल बसलं. दोन दिवस चालवल्यावर आवाज किंचित खाली आला, गेला नाही. खवले पडलेलं बेअरिंग तेल घालून भरून येत नाही.

समोर असलेले पर्याय

तसंच चालवत राहणं हा पर्याय दाजींना दोन दिवस मोहात पाडत होता. पण बेअरिंगच्या गोळ्या धरणारा पिंजरा तुटला आणि एखादी गोळी दोन गिअरांच्या दातांत गेली, तर केसिंग फुटतं, चालत्या गाडीत गिअरबॉक्स जाम होऊ शकतो. घाटात हे नको.

एका शेजाऱ्याने जाड तेल घालायचा सल्ला दिला. जुन्या गाड्या विकणारे पूर्वी गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालून आवाज दाबायचे, त्याच जातीचा हा उपाय. थंडीत सकाळी गिअर पडायला जड होतात आणि बेअरिंग मरायचं ते मरतंच.

भंगारबाजारात त्याच मॉडेलचा जुना गिअरबॉक्स सात हजारांना मिळत होता. हातात धरून शाफ्ट फिरवला तर आमच्यापेक्षा बरा वाटला. पण आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडायचाच असेल तर आपलाच का नको?

राहिले दोन : अठरा हजार देऊन मोकळं होणं, किंवा घरी उतरवणं. माझं मत गॅरेजकडे झुकत होतं, हे कबूल करतो. पण कोणती बेअरिंगं बदलणार, जुनी परत देणार का, यावर तिथून "बघू उघडल्यावर" याच्या पलीकडे उत्तर आलं नाही. दाजी म्हणाले, "पाव्हणं, महिना लागला तरी चालंल, पण कुठला नट कुठनं निघाला ते मला कळलं पाहिजे." गाडी त्यांच्या रोजच्या पोटापाण्याची नव्हती, हे निर्णायक ठरलं. ती असती तर मी घरी हात लावू दिला नसता.

गिअरबॉक्स खाली

दिवाळी संपल्यावर पहिल्या रविवारी सुरुवात केली. गाडी चाकांवर उभी असतानाच एक्सलचे नट ढिले केले. नटाची शाफ्टच्या खाचेत ठोकलेली कड छिन्नीने उचलली आणि टॉमीला चार फुटी पाइप लावला. गाडी उचलल्यावर हे नट सोडवायला जाणं म्हणजे गाडी अंगावर घेण्याचीच तयारी. मग बॅटरी सोडली, पुढची बाजू उचलून दोन घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवली, आणि काढलेली चाकं दाराखालच्या काठाखाली आडवी सरकवून ठेवली. एखादी घोडी सरकली तरी गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, हा एक नियम आम्ही शेवटपर्यंत मोडला नाही.

तेल काढण्याआधी भरायचा नट मोकळा होतोय याची खात्री केली होती. तो गंजून बसला असता तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसायची वेळ.

दाजींनी पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगची, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या तोंडाची, आकृती काढली आणि प्रत्येक बोल्ट निघाला की त्याच जागी पुठ्ठ्यात खुपसला. मला तेव्हा हसू आलं. जोडताना कळलं, त्या बोल्टांत तीन वेगवेगळ्या लांब्या होत्या. लांब बोल्ट आखूड जागी गेला असता तर अॅल्युमिनियमचे आटे गेले असते.

स्टार्टर, स्पीडोमीटर केबल, रिव्हर्स लाइटची वायर, क्लच केबल, गिअरचे रॉड, अर्थची पट्टी हे सगळं सुटायला दुपार झाली. माउंटिंग सोडण्याआधी इंजिनाला आधार हवा, म्हणून दोन्ही मडगार्डांच्या आतल्या काठांवर जीआय पाइप आडवा टाकून साखळीने इंजिन टांगलं, शिवाय ऑइल पॅनखाली फळी ठेवून जॅक लावला.

चूक झाली ती शेवटच्या बोल्टाला. गिअरबॉक्स सुटला, दोन इंच मागे आला आणि तिथे इनपुट शाफ्टच्या टोकावर क्लच प्लेटमध्ये लटकून राहिला. मी खालून हात लावलेला, दाजी दुसरा जॅक शोधायला गेलेले. तीसेक किलोचं धूड असं पंधरा-वीस सेकंद लटकलं. एवढ्यानेही क्लच प्लेटचा हब वाकू शकतो. दुसरा जॅक आधीच खाली लावून ठेवायला हवा होता. नंतर जुना टायर खाली टाकून त्यावर गिअरबॉक्स उतरवला. त्या टायरने आमच्या बोटांवर उपकार केले.

आत काय निघालं

ड्रेन नटाच्या लोहचुंबकावर राखाडी लुकण होतं. ते वयोमानाने असतंच. पण त्यात नखाच्या कणीएवढे दोन चकचकीत पापुद्रे होते, ते नसावेत. तेलात पितळी चमक दिसली नाही, म्हणजे गिअर अलगद पडू देणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांनी जीव सोडलेला नव्हता.

पाचव्या गिअरचा नट सोडवायला गिअरबॉक्स एकाच वेळी दोन गिअरमध्ये घालून जाम करावा लागतो. ही युक्ती मला उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी फोनवर सांगितली. गिअर जागी धरून ठेवणाऱ्या गोळी-स्प्रिंगच्या जोड्या निघताना एक गोळी उडून आक्काच्या मोगऱ्याच्या कुंडीत गेली. चुंबक बांधलेल्या दोरीने अर्ध्या तासाने सापडली. त्यानंतर उरलेल्या दोन्ही काढताना वर जुनी बनियन धरली.

शाफ्ट डिझेलमध्ये धुतले. इनपुट शाफ्टच्या बाहेरच्या टोकाचं बेअरिंग दोन बोटांत धरून फिरवलं तर भाकरीत खर लागल्यासारखं लागलं. बाहेरची कडी जरा कलती केली की गोळ्यांच्या धावपट्टीवर नखाएवढा खवला उघड दिसत होता. इतर बेअरिंगं गुळगुळीत होती. सिंक्रो रिंग आणि गिअरच्या कोनामधली फट फीलर गेजने मोजली. मॅन्युअलमधली किमान हद्द ०.५ मिमी, आमची सगळ्यात कमी ०.८ भरली. तिकडे हात लावला नाही.

बेअरिंगवरचा नंबर घासून गेला होता. बाहेरचा व्यास ५२ मिमी, रुंदी १५. दुकानदार फोनवर म्हणाला, ६२०५, डोळे झाकून घेऊन जा. पण ६३०४ सुद्धा बाहेरून ५२ आणि १५ च असतं, आतलं भोक मात्र २० मिमी. म्हणून आधी जुनं काढायचं आणि मगच विकत घ्यायचं ठरवलं. पुलर लागेना, तेव्हा शाफ्ट पिशवीत घालून स्कूटरवरून मिस्त्रींच्या प्रेसवर नेला. भोक २५ निघालं, म्हणजे ६२०५ च. नंबरातले शेवटचे दोन आकडे ०४ किंवा पुढचे असले तर त्यांना पाचाने गुणलं की भोकाचा व्यास येतो, हे कळल्यावर दाजी दुकानातल्या एकेका डब्याकडे बघून तोंडी गुणाकार करत बसले.

मिस्त्रींनी जुनं बेअरिंग उजेडात धरलं. "हे तेलाबिगर मेलंय. नवं घातलासा आनि सील तसंच ठेवलासा तर वर्सात परत येतासा माझ्याकडं."

दुकानदाराने आधी दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं असलेलं, झेडझेड बेअरिंग पुढे केलं. गिअरबॉक्समध्ये उघडं लागतं, गिअर ऑइल त्यातून खेळायला हवं. उघडं, सी३ क्लिअरन्सचं घेतलं. तापल्यावर आत थोडी मोकळीक राहते.

किती बदलायचं?

इथे दाजींचं आणि माझं वाजलं. इनपुट शाफ्टची दोन्ही बेअरिंगं, दोन्ही एक्सल सील, इनपुट सील, गिअर शाफ्टचं सील यावर मतभेद नव्हता. क्लच प्लेटचं अस्तर झिजून रिव्हेट जवळ आले होते, तीही घेतली. आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगांवर मात्र मी अडलो : वाहत्या गाडीत शांत होती, हाताला गुळगुळीत लागतायत, उगाच नऊशे रुपये कशाला? दाजी म्हणत होते, गिअरबॉक्स परत उतरवायची मजुरी नऊशेपेक्षा जास्त पडेल. शेवटी माझं चाललं. आजतागायत ती बेअरिंगं बोललेली नाहीत, पण हिशेब दाजींचाच बरोबर होता असं मला आता वाटतं. ती टिकली हे नशीब. बदलली असती तर नशिबाचं काम पडलं नसतं.

जोडणी

नवं बेअरिंग ठोकून बसवायचं नव्हतं. बाहेरच्या कडीवर मार दिला तर तो गोळ्यांतून धावपट्टीत जातो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खड्डे घेऊन निघतं. इनपुट शाफ्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला, मटाराच्या पिशवीशेजारी. आक्काने परवानगी दिली ती शाफ्ट दोनदा साबणाने धुतल्यावर. सकाळी बेअरिंग स्वच्छ तेलात शंभर अंशांच्या आसपास तापवलं. २५ मिमीचं भोक ८० अंशांनी तापलं की जेमतेम २४ मायक्रॉनने मोठं होतं, त्यात शाफ्ट गारठून आक्रसलेला. बेअरिंग चिमट्याने धरून सोडलं आणि ते 'टक्' करून तळाशी बसलं. पूर्ण कामातला सगळ्यात सुखाचा आवाज तो.

केसिंगच्या दोन अर्ध्या भागांना सीलंटची बारीक धार लावली. भरपूर लावलं तर आत पिळून येतं आणि तेलाच्या वाटा बुजवतं.

तिसऱ्या रविवारी गिअरबॉक्स वर चढवला आणि शेवटच्या एका इंचाला अडला. हलवून पाहिला, फ्लायव्हील फिरवून पाहिलं, जात नाही. संध्याकाळचे साडेसहा वाजलेले, कंबर मोडलेली. दाजी म्हणाले, "बोल्ट लावून आवळत आवळत ओढून घेऊ या काय?" मीही पाना उचलला होता. तिथेच थांबलो, हे या प्रकरणातलं आमचं सगळ्यात शहाणपणाचं काम. बोल्टांनी ओढला असता तर केसिंगचा कान तुटला असता. गिअरबॉक्स परत खाली घेतला, टॉर्च मारला. क्लच प्लेट दोनेक मिलिमीटर खाली बसलेली. ती मध्यावर धरायला मी लाकडी दांडा वापरला होता, नुसत्या अंदाजाने छिललेला. दुसऱ्या दिवशी लेथवर प्लेटच्या हबच्या आणि इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकातल्या भोकाच्या मापाचा नायलॉनचा दांडा वीस मिनिटांत काढला. त्यानंतर गिअरबॉक्स हाताने ढकलला तसा आत गेला. आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला माणूस स्वतःच्या घरच्या कामाला अंदाजाने लाकूड छिलतो, याला काय म्हणावं!

तेलाचीही एक गंमत. दाजींनी जीएल-५ दर्जाचं तेल आणलं होतं, कारण दुकानदार म्हणाला, वरच्या नंबरचं आहे. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलेलं. जीएल-५ मध्ये दाबाला टिकणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. त्यातली काही पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. डबा फोडला नव्हता, बदलून आणला.

निकाल

पहिल्यांदा स्टार्ट केली तेव्हा न्यूट्रलमध्ये फक्त इंजिन ऐकू आलं. क्लच दाबला-सोडला, फरक नाही. सगळे गिअर पडले. एकूण खर्च ६,३०० रुपये, त्यात सगळ्यात मोठा आकडा क्लच प्लेटचा. वेळ तीन रविवार आणि चार संध्याकाळी.

पण मार्च २०२४ मध्ये डाव्या एक्सलखाली कोब्यावर पुन्हा थेंब. सील तर नवं! एक्सल बाहेर काढून पुसला आणि बोट फिरवलं तेव्हा कळलं : जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर गोल चर पाडला होता, नख अडकेल एवढा. नवं सील तंतोतंत त्याच चरावर बसलं होतं. हे मी नोव्हेंबरमध्येच पाहायला हवं होतं. शाफ्ट हातात होता, नजर बेअरिंगवर होती. उपाय सोपा निघाला : दुसरं सील दीड मिलिमीटर कमी खोल बसवलं, म्हणजे ओठ शाफ्टच्या कोऱ्या पट्ट्यावर आला. गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही, फक्त एक्सल. २०० मिली तेल घातलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी करंगळी. ती तपासणी पाच मिनिटांची आणि फुकट. डाव्या चाकाच्या आतला लपका दर सर्व्हिसिंगला कुणी ना कुणी पाहिला असणार. थेंब सुरू झाले तेव्हाच सील बदललं असतं तर काम एक्सल काढण्यावर भागलं असतं.

दुसऱ्या जॅकचं, चराचं आणि दांड्याचं वर आलंच. एक राहिलं : आम्ही क्रँकचं मागचं सील कोरडं आहे म्हणून सोडलं. गिअरबॉक्स खाली असताना फ्लायव्हील काढलं की त्याच्यापर्यंत हात जातो, वर असताना अजिबात नाही. पुढच्या वेळी मी ते न विचारता बदलीन.

दाजींच्या वहीत आता गिअर ऑइलचा वेगळा रकाना आहे. दर सहा महिन्यांनी ते पार्किंगमध्ये गोणपाट अंथरून आडवे होतात, नट खोलतात आणि करंगळी घालतात. गेल्या वेळची नोंद : "पहिले पेर ओले. ठीक."